वजनात बसेल एवढी वीज

ऑस्ट्रेलियातल्या हाटाहच्या तळ्याकाठी पोचलो त्या संध्याकाळी आप्पा घडीच्या खुर्चीत बसून बराच वेळ झाडांच्या शेंड्यांवरून नजर फिरवत होते. मी आत, गाडीमागे ओढत आणलेल्या आमच्या कॅरव्हॅनमध्ये, कणीक मळत होते. मला वाटलं पक्षी बघतायत. तिथे गुलाबी काकाकुव्यांचा असा काही कालवा चाललेला असतो की मान वर जातेच. पण ते विजेच्या तारा शोधत होते. सापडल्या नाहीत तेव्हा सरळ विचारलं, "इथं लाईट कधी यायची गं?" मी हसले. म्हटलं, "आप्पा, इथं लाईट येणारच नाही. नाही म्हणून तर एवढ्या लांब आलो." ते "असं होय" म्हणाले, चपला काढल्या आणि खुर्चीतच मांडी घालून बसले.

उत्तरात खोटं काही नव्हतं. तरी ते रात्रभर टोचत राहिलं.

आप्पांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली. आधी वायरमन, मग गुडघे बोलायला लागले तसे सबस्टेशनला ऑपरेटर. माण तालुक्यातल्या कितीतरी वाड्यावस्त्यांवर पहिला खांब उभा राहिला तेव्हा ते तिथे होते. बैलगाडी जाईल तिथवर सिमेंटचा खांब गाडीतून, पुढे माणसांच्या खांद्यावरून. तारांची नावं जनावरांची: वीझल, रॅबिट, डॉग. लहानपणी मला वाटायचं की आमच्या घरात हा एक गुप्त प्राणिसंग्रह आहे, कारण जेवताना आप्पा सहज सांगायचे, "आज रॅबिट ओढला दिवसभर." अशा माणसाला त्याची लेक सांगते की आम्ही साडेचारशे किलोमीटर गाडी हाणून, जिथे खांब संपतात तिथे येतो, मौजेखातर. आणि येताना वीज मात्र छपरावर घेऊन येतो.

छपरावर घेऊन येतो हे म्हणायला सोपं. त्यामागे आमच्या घरात काही महिने चाललेला वजनाचा हिशोब आहे. आमची कॅरव्हॅन जुनी, एका आसाची, मुक्कामाला पोचल्यावर छप्पर वर उचलायचं अशी. रिकामं वजन साडेअकराशे किलो, भरून जास्तीत जास्त दीड हजार. हे आकडे तिच्या अंगावरच्या पट्टीवर कोरलेले असतात आणि इथे ते पाळावेच लागतात. मधल्या साडेतीनशे किलोंत सगळा संसार बसवायचा. पाण्याची टाकी ऐंशी लिटरची, म्हणजे ऐंशी किलो तिथेच गेले. गॅसच्या दोन टाक्या, बाहेरचा मांडव, गाद्या, भांडी, खुर्च्या, तांदूळ. शिवाय सगळं एकूण वजनात बसलं म्हणून भागत नाही. कॅरव्हॅन गाडीला जिथे अडकवतो त्या हुकावर वजनाचा साधारण दहावा हिस्सा यावा लागतो. मागे जास्त भरलं की महामार्गावर कॅरव्हॅन शेपूट हलवायला लागते, आणि एकदा ते अनुभवलेला माणूस पुन्हा वजनकाट्याची चेष्टा करत नाही. माझा नवरा मसाल्याचे डबेसुद्धा सामान तोलायच्या काट्याला लटकवतो. हे अतिच आहे, असं माझं आजही मत आहे.

विजेच्या बाबतीत मात्र त्याचं बरोबर होतं. शिशाची शंभर अँपिअर-अवरची बॅटरी तीस किलोच्या आसपास जाते आणि तिच्यातली निम्मी वीजच वापरायची असते. त्याखाली वारंवार नेली की ती लवकर मरते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी बारा किलोच्या आत, आणि जवळजवळ सगळी वापरता येते. म्हणजे खरी तुलना साठ किलो विरुद्ध बारा. किंमत ऐकून पोटात गोळा येतो, पण वाचलेले अठ्ठेचाळीस किलो म्हणजे टाकीतलं निम्म्याहून जास्त पाणी. छपरावर तोच प्रश्न: दोनशे वॉटचं काचेचं पॅनेल चौकटी-ब्रॅकेटसकट बारा-तेरा किलो, तर पातळ, वाकणारं पॅनेल तीन-चार किलो. वजन उंचावर असलं की जास्त छळतं, आणि आमचं छप्पर रोज हाताने उचलायचं. म्हणून वाकणारं घेतलं. त्याचं आयुष्य कमी असतं हे माहीत होतं. छपराला सपाट चिकटवलं की खालून हवा मिळत नाही, पॅनेल तापतं; आणि सिलिकॉन तापलं की पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी देतं. चिकटवण्याआधी आम्ही खाली पोकळ नळ्यांचा पॉलिकार्बोनेटचा पत्रा घातला, थोडी हवा खेळावी म्हणून. त्या पॅनेलमधलं सेलचं तंत्र १९८० च्या दशकात सिडनीत, न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने विकसित केलेलं. पॅनेल बनलं चीनमध्ये. आमच्या छपरावर ते माहेरी आलेलं आहे.

आई-आप्पा मेलबर्नला आले तेव्हा पॅनेल चिकटून झालं होतं, तारा बाकी होत्या. आप्पांनी पहिल्या दिवशी लांबूनच बघितलं. बारा व्होल्ट म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते. अकरा हजारांच्या लाइनखाली आयुष्य काढलेला माणूस आणि हे मोटरसायकलचं व्होल्टेज. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याच्या हातातली केबल घेतली, बोटात फिरवली आणि म्हणाले, "जावईबापू, ही बारीक हाय." मग ड्राइव्हवेत बसून त्यांनी समजावलं. व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच कामाला करंट जास्त. पाटाला उतार नसला की तो रुंद खणावा लागतो, तसंच. दोनशे वॉट बारा व्होल्टवर म्हणजे सोळा-सतरा अँपिअर. बारीक तारेत निम्मा उतारच खाल्ला जाणार. जाड तांबं आलं. तांब्याचं वजन आलं. नवऱ्याने वहीत लिहिलं. त्यानंतर ते काम आप्पांचंच झालं. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, लांब नाही, कारण मधल्या तुकड्याला कोणी वाली नसतो. तारेच्या टोकाचा प्रत्येक लग दाबून बसवल्यावर जोरात ओढून बघायचा. बॅटरी राहत्या जागेत उघडी ठेवायची नाही, तिला आतून बंद आणि बाहेर श्वास घेणारा कप्पा, हा इथला नियम त्यांना फार आवडला. "तिकडं असले नियम आम्ही भिंतीवर लावायचो," ते म्हणाले. पुढचं बोलले नाहीत.

फक्त अर्थिंगचं काही त्यांच्या मनासारखं होईना. चाकांवरच्या घराची बारा व्होल्टची वायरिंग, ती जमिनीत कुठे गाडायची? दोन दिवस त्यांनी तो प्रश्न लावून धरला.

हाटाहला आईने जागा निवडली. मोठ्या रेड गमखाली, म्हणजे इथल्या निलगिरीखाली, तळं समोर, छान सावली. आपण मुक्कामाला थांबतो ते झाड बघूनच. वड, चिंच, कडुनिंब, गाडी आपोआप तिकडे वळते. इथे ते चालत नाही. रेड गमची फांदी वारा नसतानाही, उन्हाच्या तडाख्यात अचानक तुटून खाली येते, आणि ती फांदी म्हणजे आपल्याकडचं अख्खं झाड असतं. आईला हे पटवायला वेळ लागला. झाडाची सावली धोक्याची, हे तिच्या कानांना शिवीसारखं लागलं असावं. शेवटी आम्ही उघड्यावर उभे राहिलो, पण सकाळी एका कोवळ्या झाडाची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर यायचीच. आप्पांनी पडद्यावरचा आकडा नऊ अँपिअरवरून तीनावर कोसळताना पाहिला आणि ते चकित झाले. हाताएवढी सावली, आणि दोन तृतीयांश वीज गेली? पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एक अंधारात गेला की सगळी रांग अडते, मग डायोड ती रांग वगळून वाट काढतो. "म्हणजे एक डीओ उडाला की सगळी वस्ती," ते म्हणाले. डीओ म्हणजे खांबावरचा फ्यूज. त्यांच्यापुरतं एवढं स्पष्टीकरण पुरे होतं.

घडीचं एक कापडी पॅनेलही आम्ही नेलं होतं, लांब केबलचं, कॅरव्हॅन सावलीत असली तर उन्हात पसरायला. ते मांडायचं काम आप्पांनी मागून घेतलं आणि सवयीने त्याचं तोंड दक्षिणेला केलं. दहिवडीच्या गच्चीवर पाणी तापवायचं सोलर आहे, त्याचं तोंड दक्षिणेला. इथे सूर्य उत्तरेकडून जातो. त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं की तो उजवीकडून डावीकडे चालतो. आईने हे बघितलं आणि संध्याकाळची उदबत्ती लावताना ती दोनदा थबकली. आमच्या गावात वर्षातून दोन दिवस, मेमध्ये आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. मेलबर्नला तो कधीच डोक्यावर येत नाही. डिसेंबरात जेमतेम पंच्याहत्तर अंश चढतो आणि जूनमध्ये एकोणतीसला दमतो. छपरावर आडवं पडलेलं पॅनेल हिवाळ्यात उपाशी राहतं ते म्हणूनच. एप्रिल चालू होता. आमचं दिवसाचं उत्पन्न पंचेचाळीस-पन्नास अँपिअर-अवर, फ्रिजचा खर्च पस्तीस-चाळीस. बाकी दिवे, पंप, फोन. महिन्याच्या पंचवीस तारखेला पगारदार माणसाच्या खिशात असतं तेवढं उरत होतं.

आणि मग ढग आले.

या पुढचे दोन दिवस मला आयुष्यभर पुरतील. आप्पांनी माझ्याकडून वही मागितली, पट्टीने रकाने आखले: वेळ, व्होल्ट, अँपिअर, टक्के, शेरा. दर तासाला रीडिंग. सबस्टेशनचं लॉगशीट हेच. व्होल्टवर त्यांचा पहिल्यापासून राग होता, कारण शिशाची बॅटरी साडेबाराच्या खाली-वर होऊन आपली तब्येत सांगते, आणि ही लिथियमची बया सत्तर टक्क्यांना आणि चाळीस टक्क्यांना जवळपास तेच तेरा-सव्वातेरा दाखवते. तिच्यात गेलेला आणि आलेला करंट मोजत राहिल्याशिवाय खरं कळत नाही. "आत काय चाललंय याचा चेहऱ्यावर पत्ता नाही," असं म्हणत ते टक्क्यांचा आकडा लिहायचे. तो एक्केचाळीसवर आला तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि भारनियमन जाहीर केलं. रात्री दहा ते सकाळी सात फ्रिज बंद, बाहेर थंडी आहे, दार उघडायचं नाही. फोन दुपारी बारा ते दोन. जावईबापूंचा लॅपटॉप पुढील आदेशापर्यंत बंद. नवऱ्याने विरोध नोंदवून पाहिला. त्याला सांगण्यात आलं की आदेश वरून आहेत.

मला हसू येत होतं आणि घशाशी काहीतरी आलंही होतं. २००५ नंतरची ती वर्षं. गावाकडे बारा-बारा तास वीज नसायची, आणि असायची ती रात्री. थ्री फेज मध्यरात्री सुटली की लोक बॅटरी-काठी घेऊन विंचवाकाट्यातून पाणी धरायला रानात. आप्पा सबस्टेशनला. वेळापत्रक वरून फॅक्सने यायचं, ते फक्त हँडल खाली ओढायचे. शिव्या मात्र त्यांच्या तोंडावर बसायच्या. मोर्चा टाळं ठोकायला आला त्या दिवशी मोर्च्यात पुढे माझा सख्खा चुलता होता, आणि रात्री तो आमच्याच घरी जेवायला आला. दोघांपैकी कोणी काही बोललं नाही. आता त्या चुलत्याच्या रानात सौर पंप आहे, दिवसा चालतो. आईच तेवढी स्पष्ट बोलली. तंबूच्या दोऱ्या ताणता ताणता म्हणाली, "तिकडं दुसऱ्यानं ठरवलेलं बंद करून शिव्या खाल्ल्या. घ्या आता हौस फेडून."

आईची स्वतःची वीज वेगळीच होती. तिने दहिवडीहून लोखंडी खलबत्ता आणला होता, अडीच किलोचा, साडीत गुंडाळून. नवऱ्याने तो काट्याला लावला आणि माझ्याकडे बघितलं. मिक्सर नेऊ या, मी म्हटलं. मग आम्ही रीतसर हिशोब केला. साडेसातशे वॉटचा मिक्सर दोन मिनिटं फिरला तर बॅटरीतले दोनच अँपिअर-अवर जातात, काहीच नाही. पण मोटर सुरू होताना जो झटका मागते तो सोसायला दीड-दोन हजार वॉटचा इन्व्हर्टर लागतो, चार-पाच किलोचा, आणि त्याला अंगठ्याएवढ्या जाड तारा. शिवाय मिक्सरचं वजन. कागदावर खलबत्ता दणदणीत जिंकला. हाटाहला रोज सकाळी त्याचा ठणठणाट व्हायचा आणि हिरव्या मिरचीचा, लसणाचा, भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास तळ्यावर पसरायचा. पलीकडे दोन आस असलेली भलीमोठी कॅरव्हॅन होती. तिच्यात कॉफीचं यंत्र, वॉशिंग मशीन, आणि ढग आल्यावर सकाळ-संध्याकाळ गुरगुरणारा जनरेटर. ते आजोबा ठेच्याचा वास घेत आले, बोटभर खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढत थँक यू म्हणाले आणि तासाभराने आणखी मागायला आले. माणसं फार चांगली होती. पण एवढं सगळं घरासकट ओढत न्यायचं तर निघायचं कशाला, हे मला कळत नाही. आमच्या अडीच किलोंबद्दल तेही हेच म्हणू शकतात, हेही कळतं.

मी हलकं करायच्या नादात होते तेव्हा मला वाटायचं की कमी घेऊन जगण्याची ही सुरुवात आहे. तसं काही झालेलं नाही. बॅटरीत वाचलेल्या अठ्ठेचाळीस किलोंतून आधी खलबत्ता गेला, मग आप्पांचा पानाचा डबा, मग आईची देवांची पेटी, आणि तांदूळ दुप्पट झाले.

परतताना ऊयनला थांबलो, तिथला व्हॅनिला स्लाइस नावाजलेला आहे म्हणून. गावाबाहेर, गव्हाच्या उघड्या रानाकडेला, आप्पांनी गाडी थांबवायला लावली. एक लाकडी खांब. त्यावर एकच तार. लांब पुढचा खांब, त्यावरही एकच. असं करत ती तार क्षितिजाजवळच्या एका पत्र्याच्या घरापर्यंत गेलेली. आप्पा खाली उतरले, खांबाला टिचकी मारून पाहिली, मान वर करून गोल फिरले. "दुसरी तार पडली का काय?" पडली नव्हती. इथल्या ग्रामीण भागात हजारो किलोमीटर वीज अशीच गेली आहे, एका तारेवर, पावणेतेरा हजारांच्या आसपासच्या दाबाने. परतीचा करंट जमिनीतून येतो. न्यूझीलंडच्या लॉइड मँडेनो यांनी १९२५ साली ही युक्ती काढली. तार एक म्हणून खर्च कमी, आणि खांबही लांबलांब चालतात. "म्हणजे जमीनच न्यूट्रल!" आप्पा जवळजवळ ओरडले. ज्या अर्थिंगसाठी त्यांनी आमचं डोकं खाल्लं होतं ते इथे चाळीस कोसांच्या मातीत पसरलेलं होतं. मग ते हळू म्हणाले, "एका घरासाठी एवढी लाइन ओढली."

२०१८ मध्ये मणिपूरच्या लेइसांगला वीज पोचली, देशातलं शेवटचं गाव झालं, असं टीव्हीवर सांगत होते तेव्हा आप्पांनी आवाज बंद केला होता. दहा टक्के घरांत मीटर लागलं की गाव झालं म्हणायचं, हा नियम त्यांना पाठ होता. बाकीच्या नव्वद टक्क्यांकडे तेच सायकलवरून जायचे.

नवऱ्याने त्यांना या एका तारेची दुसरी बाजूही सांगितली. २००९ च्या फेब्रुवारीत, व्हिक्टोरियातल्या त्या भयंकर शनिवारी, किलमोर ईस्टला अशीच एक तार तुटून वणवा पेटला आणि एकट्या त्या वणव्यात ११९ माणसं गेली. चौकशी आयोगाने नंतर अशा जुन्या लाइनी बदलायला सांगितलं. आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात, एस्परन्सजवळ २०१५ च्या वणव्यात लाइनी जळाल्यावर काही शेतघरांना पुन्हा तार ओढलीच नाही. पॅनेल आणि बॅटऱ्या देऊन टाकल्या. आमच्यासारखंच, फक्त मोठं.

"खांब?" आप्पांनी विचारलं.

"पुन्हा नाही उभे केले."

त्यांनी खांबावरचा हात काढला नाही. वजनाचा हिशोब त्यांना आमच्यापेक्षा चांगला कळत होता. बारा किलोच्या बॅटरीसमोर दहा कोसांची लाइन, तो खांद्यावरून नेलेला खांब, कुठल्या काट्यावर ठेवायचा? मला त्यांना काहीतरी बरं वाटेल असं सांगायचं होतं आणि सुचत नव्हतं. ते मात्र भलत्याच गोष्टीचा विचार करत होते.

"मग तिथल्या लाइनमनचं काय केलं?"

"कंपनी तीच आहे आप्पा," नवरा म्हणाला. "देखभाल तेच बघत असतील. बॅटऱ्या, पॅनेल."

"पावसात चढायला नको, एवढं बरं झालं," असं म्हणून त्यांनी पँटीला हात पुसले आणि गाडीकडे निघाले. तोवर आईने त्यांच्या वाटणीचा स्लाइस अर्धा संपवला होता, आणि उरलेला अर्धा फार गोड आहे म्हणून त्यांना दिला.